सांगितलेला वास

१

सकाळचा नाश्ता जिरलेला असतो आणि जेवणाची भूक अजून लागलेली नसते, ती मधली वेळ माझ्या कामाची. नाक त्या वेळी सगळ्यात जागं असतं. जबलपूरच्या ओमती भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी खिडकी लावून घेते, पंखा बंद करते, टेबलावर पांढरा कागद पसरते आणि तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळते असे छोटे ग्लास ओळीनं मांडते. कंपनी कुरिअरनं बिननावाच्या बाटल्या पाठवते. प्रत्येकीतलं थोडं ओतायचं, वर काचेची चकती झाकायची, थांबायचं. मग चकती काढून वास, पाण्याचे थेंब, पुन्हा वास, शेवटी लहानसा घोट. तो तोंडभर फिरवायचा आणि थुंकायचा. कुठे लाकूड जास्त झालं, कुठे कच्चा अल्कोहोल नाकाला टोचतो, कुठली व्हिस्की मिश्रणात चालेल, ते लिहून शर्मिलाला कळवायचं. शर्मिला म्हणजे कंपनीतली माझी वरिष्ठ.

आधी मी नाशिककडे कारखान्यातच होते. आईचे डोळे काचबिंदूनं जवळजवळ गेले, म्हणून जबलपूरला परत आले. घरात आम्ही दोघीच. आई, गीताबाई गजभिये, रोज सकाळी पंचशील म्हणते आणि दारूपासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलापाशी आवाज जरा चढवते, मला ऐकू यावा म्हणून.

"थुंकली का?" ती आतून विचारते.

"थुंकली, आई."

"गिळून नको राहू. आन् बाबासाहेबांच्या फोटोकडे पाठ करून बस."

मी पाठ करून बसते. असे आमचे दिवस चालले होते, तेव्हा भय्यासाहेबांचा फोन आला.

एका हॉटेलातल्या मुलांना मी दारूची पारख शिकवली होती, तिथून त्यांना माझा नंबर मिळाला. भय्यासाहेब पांढरीपांडे, मालवाहू जहाजांवरचे निवृत्त इंजिनिअर. जन्मभर बंदराबंदरांतून त्यांनी स्कॉच आणि कोन्याक जमवली होती. "पण बेटा, माझं नाक गेलं," ते म्हणाले. "बाटल्या आहेत आणि मी त्यांच्यासमोर आंधळ्यासारखा बसून राहतो. तू ये. वास घे आणि मला सांग. बस, एवढंच."

फोन ठेवल्यावर मला भरून आलं होतं. नाक गेलेल्या माणसाचं दुःख मला दुसऱ्या कोणापेक्षा जास्त कळत होतं, असं मला वाटलं.

२

महाराजपुरात, एका नव्या कॉलनीत त्यांचं घर होतं. दार त्यांच्या बायकोनं, भानुमतीकाकूंनी उघडलं. त्यांनी नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

खोली छान होती. पुस्तकांच्या कपाटासारख्या कपाटात बाटल्या, मध्ये गोल टेबल, दोन खुर्च्या. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. भय्यासाहेबांनी ग्लास आधीच भरून, चकत्या झाकून ठेवले होते. ते स्वतः माझ्यासमोर बसले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"सांग."

पहिली स्कॉच समुद्रकाठच्या बेटावरची होती. तिथे दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर धान्य सुकवतात. मी चकती काढली आणि सांगायला लागले. "धूर आहे, काका. पण चुलीचा नाही, ओल्या मातीचा. धुराच्या मागे मीठ. भिजून वाळलेला दोर. दवाखान्यात जखमेला लावतात ते औषध."

भय्यासाहेबांचे ओठ माझ्या शब्दांमागून हलत होते. "धूर कसा? आणखी सांग. लहानपणी कुठे आला होता असा?"

मी सांगितलं. कुंडमला मामाच्या गावी, पावसानं विझलेली शेकोटी परत पेटवायचो तेव्हाचा धूर. मामा फुंकर घालायचा, सगळे खोकायचे. सांगताना मला फार बरं वाटलं. माझ्या कामात वासाला गुण द्यायचे असतात, आठवणी कोणी विचारत नाही.

"वा," ते म्हणाले. पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. एखादं काम आटोपल्यावर माणूस सुस्कारा टाकतो, तसा त्यांनी टाकला.

३

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतला चहावाला सिगडी पेटवत होता. कोळशाचा दाट धूर थेट माझ्या तोंडावर आला. डोळे चुरचुरले, पाणी आलं. वास मात्र आला नाही.

मी तिथेच थांबले. चहा घेतला. आल्याचा वास आला, दुधाचा आला, कपाच्या मातीचा आला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या केसांतलं तेलही मला ओळखता आलं. तेवढा धूर नव्हता.

नाक थकतं, हे मी जाणते. एकाच जोरकस वासात बसलं की तो वास काही वेळ जाणवेनासा होतो. मी स्वतःला तेच समजावलं. घरी येऊन अगरबत्ती लावली. टोकाशी लाल निखारा, वर निळी रेघ. चंदनाचा वास येत होता, पण धुराचा नाही. काडी न पेटवता नाकाशी धरली असती तर जसा आला असता, तसा.

"काहून गं, आज भरदिवसा उदबत्ती?" आईनं विचारलं.

"सहज."

"धूर किती करून ठेवला! खिडकी तं खोल."

त्या आठवड्यात शर्मिलाचा फोन आला. "मोना, तो धुरकट नमुना होता ना, त्यात धूर शून्य लिहिलास तू. बाटली बदलली का तुझी?"

मी म्हणाले, "सर्दी आहे थोडी." सर्दी नव्हती.

४

तरी मी महाराजपूरला पुन्हा गेले. काहून गेले, असं आता स्वतःलाच विचारते. धुराचा आणि त्या खोलीचा संबंध जोडणं तेव्हा मला वेडेपणाचं वाटलं होतं. मी विज्ञान शिकलेली बाई. शिवाय तो म्हातारा वाट बघत होता.

या वेळी गोडसर व्हिस्की होती, शेरी नावाच्या गोड वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली. "मनुका," मी सांगितलं. "दालचिनी. आणि संत्र्याची साल, ताजी, नखानं सोललेली."

"संत्रं कुठलं?"

"काटोलचं. मावशी पाठवायची, पेटीत गवत घालून. पेटी उघडली की घरभर…"

मी बोलत गेले. मधेच भानुमतीकाकू पाणी ठेवायला आल्या. ग्लास ठेवताना त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. नाही, नाही, असं. भय्यासाहेबांनी डोळे न उघडताच म्हटलं, "भानू, जा तू." त्या गेल्या.

घरी परतताना मी ओमतीच्या बाजारात गाडी थांबवली. संत्री घेतली. गाडीच्या सीटवरच एक सोललं. सालीतून बारीक फवारा उडाला, बोटं पिवळी झाली. बोटं नाकाशी नेली, तर ओल्या कागदासारखं काहीतरी आलं. दुसरं सोललं. तिसरं. फळवाला बघत राहिला. "दीदी, खट्टा है क्या?"

त्यानंतर मला घरात बसवेना. स्वयंपाकघरातले डबे उघडायचे, हुंगायचे, लावायचे. हळद आहे. जिरं आहे. दालचिनी नाही. हिंग आहे. मनुका नाही. पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणायची, "काय शोधून राहिली तू?" मी म्हणायचे, "काही नाही." रस्त्यानं चालताना प्रत्येक दुकानासमोर मी नाकानं हजेरी घ्यायचे. कापडाचा कोरा वास आहे, पेट्रोल आहे, चपलांचं रबर आहे. सिग्नलला उभी असताना शेजारच्या ट्रकचा धूर दिसला की मी जोरानं श्वास ओढून बघायचे.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. "बिल्कुल नॉर्मल. टेन्शन कम लीजिए."

जे गेलं ते सगळं मी त्या खोलीत तोंडानं सांगितलं होतं. जे नाकाला आलं पण सांगायचं राहिलं, ते अजून होतं. भिजल्या दोराचा वास गेला होता. पण त्याच ग्लासात मला जवसाच्या तेलाची झाक लागली होती, ती मी बोलले नव्हते, आणि जवसाचं तेल मला येत होतं. मी हे पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

५

मी भानुमतीकाकूंना भेटायला गेले. भय्यासाहेब सकाळी देवळात जातात, ती वेळ धरून. जिन्यातच मला करपल्याचा कडू वास आला. जळक्याचा तेवढा वास मला अजून येत होता, कारण तो मी त्या खोलीत सांगितला नव्हता.

दार उघडंच होतं. काकू ओट्याशी उभ्या होत्या. समोर गॅसवर डाळ होती. पाणी पार आटलं होतं, तळ काळा पडला होता, आणि काकू त्या पातेल्यापासून हातभर अंतरावर शांतपणे मेथी निवडत होत्या.

"काकू, डाळ!"

त्या दचकल्या. गॅस बंद केला. पातेल्यात पाहिलं आणि खालीच बसल्या.

"तुम्हालाही येत नाही?" मी विचारलं.

"किती वर्षं झाली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आधी यांचं गेलं. मग हे मला विचारायला लागले. भानू, मोगरा कसा येते सांग. भानू, तुपाचा सांग. नवऱ्याचं गेलं आहे, सांगायला काय जाते? मी सांगत गेली. आता माझ्यापाशी सांगायला काहीच नाही उरलं, म्हणून तुला बोलावलं. लोकांना बोलावतात मग."

"आणि त्यांना येतो का परत? मी सांगितलेला?"

"कुठचा बेटा! खिचडी जळली तरी त्यांना माहीत नाही पडत. दोघंही जळकं खातो आम्ही."

"मग जातो कुठे?"

काकूंनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या, भराभर, पानं देठांसकट टाकत. "तू परत येऊ नको," एवढंच म्हणाल्या. "आन् तो ग्लास उघडू नको."

"कुठला ग्लास?"

त्या उठल्या आणि करपलेलं पातेलं नळाखाली धरलं.

६

शहाण्या माणसानं तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. माझा धंदा नाकाचा, आणि नाक तुकड्यातुकड्यानं जात होतं. दुसरं म्हणजे, मला खात्री करून घ्यायची होती. चाचणी घेतल्याशिवाय मी कधी कशावर विश्वास ठेवलेला नाही. मी ठरवलं होतं, या वेळी खोटं सांगायचं. ग्लासात नसलेला वास सांगायचा आणि काय होतं ते पाहायचं.

भय्यासाहेबांनी कोन्याक काढली होती. द्राक्षाची दारू, फार जुनी. टेबलावर एक नाही, कितीतरी ग्लास होते, सगळे चकत्या झाकलेले. माझ्यासमोरचा तेवढा मी उघडला. वास वर आला. अक्रोडाचं तेल, मधाचं पोळं, बंद पेटीतला रेशमी शालू. इतकं सुंदर काही मी आयुष्यात हुंगलं नव्हतं. जिभेवर शब्द येत होते. मी ते गिळले.

"चिंच," मी म्हणाले.

बाहेर कुठेतरी कपडे आपटण्याचा आवाज येत होता, तो एकदम थांबल्यासारखा वाटला.

भय्यासाहेबांनी डोळे उघडले. घाबरलेले होते ते. "नाही बेटा. जे नाही ते नको सांगू."

"ते ग्लासात नाही, हे तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर वास येत नाही."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकातोंडावर गच्च दाबून धरला. रुमालाआडून म्हणाले, "मला काय मिळते? काही नाही मिळत. मी फक्त विचारतो. मला विचारावं लागते."

तेव्हा मी ग्लासांकडे पाहिलं.

चकत्यांखाली, काचेला आतून वाफ धरली होती. थंडीत काचेवर श्वास सोडला की धरते तशी. ती धरली, विरली, पुन्हा धरली. एका ग्लासात नाही, ओळीतल्या सगळ्या ग्लासांत, एकाच वेळी. मी माझा श्वास रोखला. भय्यासाहेबांचा रुमालात होता. वाफ येत होती, जात होती. ऊन थेट टेबलावर पडलं होतं आणि त्या उन्हात मला ते इतकं स्वच्छ दिसत होतं की डोळ्यांना दोष देता येईना. उष्णतेनं होत असेल, मी मनात म्हटलं. दारू उडते, काच थंड असते, थेंब धरतात. पण थेंब एका लयीत धरत नाहीत.

मग वाफ धरली आणि विरलीच नाही. तशीच राहिली. काहीतरी ऐकायला माणूस श्वास थांबवतो, तसं.

भय्यासाहेबांनी रुमाल खाली घेतला. आवाज त्यांचाच होता, पण त्यातला म्हातारा माणूस कुठेतरी बाजूला सरकला होता. "घरी आई आहे ना तुझी? तिच्या पदराला कसला वास येते? लहानपणी तोंड खुपसून झोपायची तेव्हा?"

उत्तर माझ्या घशापर्यंत आलं. खरंच आलं. असा प्रश्न कोणी विचारला की माणसाचं तोंड आपोआप उघडतं. मी खालचा ओठ दातांत धरला, रक्त येईपर्यंत.

"जा," भय्यासाहेब अचानक त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जा तू, बेटा. मी परत विचारलं तरी नको सांगू. मी कुठेही विचारलं तरी."

खुर्ची मागे सारताना माझी नजर शेवटच्या ग्लासावर गेली. त्याच्या वाफेत एक गोल जागा पुसली गेली होती. बंद खिडकीच्या काचेला नाक लावून उभं राहिलं की पडते तशी खूण. ती आतल्या बाजूनं होती.

७

घरी आल्या आल्या मी आईच्या कुशीत शिरले. मोठी बाई मी, तरी तिच्या पदरात तोंड खुपसून बसले. तो वास होता. पूर्ण होता. तो कसा आहे ते मी इथे लिहिणार नाही, आणि कोणाला सांगणारही नाही.

"काय झालं गं? कोनी काही म्हटलं काय?"

"नाही. बस तू अशीच."

त्यानंतरचे दिवस बरे गेले, म्हणजे वरवर. शर्मिलाला मी सांगून टाकलं की माझ्या नाकावर आता भरवसा नाही. ती म्हणाली, रजा घे. भय्यासाहेबांचा नंबर मी फोनमधून काढून टाकला. वासाबद्दल बोलणंच सोडलं. आईनं विचारलं, भाजीला हिंग लागला का, तर मी म्हणायचे, खाऊन बघ. घराचं दार दिवसाही आतून लावायचे. गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला की खिडकीशी जायचे, कोणी दुसरंच असायचं, परत येऊन बसायचे, पुन्हा उठायचे. पण नवीन काही गेलं नव्हतं. जेवढं उरलं तेवढ्यावर माणूस जगतो, असं मी स्वतःला सांगायला लागले होते.

आईचे डोळ्यांत घालायचे थेंब संपले म्हणून त्या दिवशी दुपारी मी खाली उतरले. औषधाच्या दुकानात गर्दी होती. दार मी बाहेरून ओढून घेतलं होतं, कुलूप घातलं नव्हतं. आई एकटी असताना कुलूप घालत नाही आम्ही. आग लागली, पडली, काही झालं तर.

परत आले तर आई पलंगावर बसून हसत होती. समोरच्या स्टुलावर खव्याच्या जिलबीचा पुडा उघडा पडला होता.

"कोण आलं होतं?"

"लई चांगला मानूस होता. मराठी बोलत होता, नागपुरी. तुझा कामातला काका म्हने. किती दिवसानं माझ्याशी कोनी निवांत बसून बोललं, मोना! तू तं सदा नाक घेऊन बसते." ती आनंदात होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "तुझंच विचारून राहिला होता सारं. जन्मली तेव्हा कशी होती, अंगाला कसा वास यायचा, आता जवळ आली की कसं ओळखता तुम्ही. म्या म्हटलं, पोरीचा वास मायले नाही कळत तं कोनाले कळते?"

"आई. तू सांगितलं?"

"सांगितलं ना. सारं सांगितलं. काहून, काही चुकलं काय?"

थेंबांची बाटली हातात तशीच होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले आणि तिचा हात धरला. सवयीनं तिनं मला ओढून घेतलं, माझ्या केसांत तोंड घातलं, श्वास घेतला.

तिचं हसू तसंच राहिलं, पण हात सैल झाला. तिनं पुन्हा श्वास घेतला. कपाळाशी, मानेशी. मग ती सावकाश माझ्यापासून मागे सरकली, भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि आपले विझलेले डोळे माझ्या दिशेनं रोखून बसली.

"आई, मी आहे."

"आवाज तं तसाच काढून राहिली," ती हळूच म्हणाली. मग मान वळवून आतल्या खोलीकडे, माझ्या रिकाम्या खोलीकडे, घाबऱ्या आवाजात हाका मारायला लागली. "मोना! ए मोना! बाहेर ये बेटा लवकर. घरात कोनी बाई शिरली आहे."